रंगीत बदाम: कोणाला, केव्हा आणि कोणत्या रंगाचा

पत्त्यांच्या डावात ज्याला आपण बदाम म्हणतो, त्याच आकाराचे चिन्ह आता मोबाइलवरून दिवसातून कितीतरी वेळा पाठवले जाते. मराठी घरांत त्याला हृदय असे क्वचितच कोणी म्हणते. ‘त्याने नुसता बदाम टाकला’, ‘बदाम पाठवून मोकळी झाली’ असेच बोलले जाते. पत्त्यातला बदाम कायम लाल असतो, त्यामुळे बदाम सात खेळताना रंगावरून कोणाचा गैरसमज होत नाही. मोबाइलच्या कळफलकावर मात्र साध्या, एकरंगी बदामांचेच बारा रंग आहेत. मुंबईत एकाच माणसाला एकाच फोनवर सोसायटीचा, कार्यालयाचा, सासरचा, माहेरचा, शाळासोबत्यांचा आणि सकाळच्या लोकलमधल्या सहप्रवाशांचा असे निरनिराळे गट सांभाळावे लागतात, आणि त्यामुळे कोणत्या गटात कोणता रंग शोभेल हा प्रश्न रोजचा झाला आहे.

गिरगावात राहणारी माझी मावशी प्रत्येक संदेशाच्या शेवटी हिरवा बदाम लावते. वाढदिवसाला हिरवा, दसऱ्याला हिरवा, आणि माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीही हिरवाच. हिरवा रंग मत्सराचा असतो असे माझ्या मुलीने कुठेतरी वाचले होते आणि त्यावरून तिने बरेच तर्क लढवले. शेवटी गणपतीत मावशीकडे गेलो असताना मी तिचा फोन हातात घेऊन पाहिला. इमोजींच्या पटलावर अलीकडे वापरलेल्या चिन्हांची जी ओळ सर्वांत वर असते, तिच्या आरंभीच हिरवा बदाम होता. एका भाचीच्या डोहाळजेवणाच्या फोटोंखाली, हिरव्या साडीला साजेसा म्हणून, तिने तो एकदा शोधून काढला होता आणि तेव्हापासून तो तिथेच बसला होता; चष्मा न लावता बोटाखाली जो पहिला येईल तो ती पाठवीत असे. रंगाचा अर्थ लावण्यापूर्वी पाठवणाऱ्याची सवय पाहावी, हे मी त्या दिवशी शिकलो, आणि या लेखातील पहिली सूचनाही तीच आहे.

ही सवय पाहण्यास एक मिनिट पुरते. त्या व्यक्तीशी झालेल्या संभाषणात वर सरकत जाऊन मागचे दहा-पंधरा संदेश वाचावेत. सर्व ठिकाणी एकच रंग असेल, तर ती त्या व्यक्तीची सही समजावी आणि त्यातून काहीही काढू नये. एरवी पिवळा पाठवणाऱ्या मैत्रिणीने आज अचानक लाल किंवा काळा पाठवला असेल, तर मात्र त्या बदलाला अर्थ असण्याची शक्यता आहे. अशा वेळी आज वार कोणता, सण कोणता, सामना कोणाचा आणि गटात बोलणे कशावर चालले होते, हे पाहून मगच उत्तर लिहावे.

अधिकृत अर्थ कोठे शोधू नये

अनेक जण रंगांच्या अर्थांचे तक्ते शोधतात आणि ते प्रमाण मानतात. वस्तुतः असा अधिकृत तक्ता अस्तित्वात नाही. जगभरच्या लिपींना आणि चिन्हांना क्रमांक देणारी युनिकोड ही संस्था इमोजीला एक क्रमांक व एक नाव देते. चित्र कसे काढायचे हे फोन किंवा ॲप तयार करणारी कंपनी ठरवते. आणि अर्थ वापरणारे ठरवतात. ‘पिवळे हृदय’ या नावात मैत्री, निष्ठा किंवा आनंद यांपैकी काहीही नोंदलेले नाही.

मात्र कोणता रंग केव्हा आला, हे माहीत असलेले बरे. निळा, हिरवा, पिवळा आणि जांभळा हे चौघे २०१० मध्ये युनिकोडमध्ये आले. काळा २०१६ मध्ये, केशरी २०१७ मध्ये, पांढरा व तपकिरी २०१९ मध्ये, आणि गुलाबी, आकाशी व राखाडी हे तीन सर्वांत शेवटी, २०२२ मध्ये आले. लाल बदाम या सर्वांहून जुना आहे. तो मुळात छपाईतील शोभेच्या खिळ्यांच्या घराण्यातला. जर्मन अक्षररचनाकार हेरमान झाप्फ यांच्या १९७८ च्या चिन्हसंचावरून घेतलेल्या चिन्हांबरोबर तो १९९० च्या दशकाच्या आरंभापासून युनिकोडमध्ये आहे आणि त्याचे इंग्रजी नाव आजही ‘हेवी ब्लॅक हार्ट’ असेच आहे. छपाईच्या भाषेत ‘ब्लॅक’ म्हणजे शाईने भरलेला, एवढाच त्याचा अर्थ. लाल रंग यावा यासाठी त्या चिन्हामागे एक अदृश्य खूण जोडलेली असते आणि मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना ती कधी कधी गळून पडते. म्हणून साखरपुड्याच्या किंवा लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवरून उचलून छापायला दिला असेल, तर छापण्यापूर्वीचा नमुना अवश्य पाहावा. वधूवरांच्या नावांमध्ये काळा बदाम आलेला आजी-आजोबांना मुळीच आवडत नाही.

लाल

सर्वांत अधिक गोंधळ लाल बदामाचा होतो, कारण तो दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरला जातो. व्हॉट्सॲपने मे २०२२ मध्ये संदेशांवर प्रतिक्रिया देण्याची सोय सुरू केली, तेव्हा संदेश दाबून धरल्यावर सहा चिन्हे समोर येत असत: अंगठा, लाल बदाम, हसताना डोळ्यांतून पाणी आलेला चेहरा, आश्चर्याचा चेहरा, अश्रू आणि जोडलेले हात. पुढे त्याच वर्षी कोणतेही इमोजी लावण्याची मुभा मिळाली, तरी ही सहाच चिन्हे लोकांच्या बोटांत बसली. त्यामुळे एखाद्याच्या संदेशाखाली प्रतिक्रिया म्हणून चिकटलेला लाल बदाम बहुतेक वेळा ‘पाहिले, आवडले’ एवढेच सांगतो. सोसायटीच्या सचिवांनी ‘उद्या सकाळी पाणी येईल’ असे लिहिल्यावर त्याखाली जे अकरा बदाम जमतात, त्यांत पाण्यावरील प्रेम असते, सचिवांवरील नव्हे.

स्वतंत्र संदेश म्हणून टाइप केलेला लाल बदाम हे मात्र दुसरे प्रकरण आहे. व्हॉट्सॲपवर तो एकटा पाठवला की मोठा दिसतो आणि पडद्यावर धडधडतो. पती-पत्नी, आईवडील, मुले, भावंडे, जिवाभावाचे मित्र यांच्यात तो खुशाल पाठवावा. कार्यालयातील सहकाऱ्याला किंवा वरिष्ठाला तो एकटा पाठवू नये. कामाच्या सूचनेला ‘हो सर, चारपर्यंत पाठवतो’ हे चार शब्द पुरेसे असतात. एखाद्याच्या बढतीची किंवा बाळाच्या जन्माची बातमी असेल, तर शब्दांत अभिनंदन करून वर प्रतिक्रिया म्हणून बदाम लावण्यास हरकत नसावी. वेळेचेही भान ठेवावे. सकाळी अकरा वाजता पूर्ण गटासमोर दिलेला बदाम आणि रात्री साडेअकरा वाजता एकट्या व्यक्तीला पाठवलेला बदाम, रंग तोच असला तरी, एकसारखे वाचले जात नाहीत.

कोणी असे बदाम पाठवीत असेल आणि ते आपल्याला नको असतील, तर त्यांचा अर्थ शोधत बसण्याऐवजी ‘कृपया मला अशी चिन्हे पाठवू नका’ असे एकदा स्पष्ट शब्दांत लिहावे आणि संभाषणाची छायाचित्रे जपून ठेवावीत. त्यानंतरही प्रकार थांबला नाही, तर कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, आणि महिला कर्मचाऱ्याला तिच्याकडे लेखी तक्रार करता येते.

रंग, वार आणि निष्ठा

मुंबईत रंगाला स्थानिक अर्थ फार लवकर चिकटतो, आणि तो अर्थ परदेशी तक्त्यांत सापडत नाही. निळ्या बदामाचेच पाहा. आयपीएलच्या मोसमात तो मुंबई इंडियन्सचा असतो, भारतीय संघाचा सामना असेल तेव्हा संघाचा असतो, आणि २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता जागरूकता दिनी, अनेक पालक तो वेगळ्या कारणाने लावतात. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दिवशी मात्र तो ‘जय भीम’ या अभिवादनासोबत येतो. दादरच्या चैत्यभूमीवरून एखाद्या सहकाऱ्याने पाठवलेल्या फोटोखाली आलेला निळा बदाम ही शोभा नसून आदरांजली आहे, हे ओळखावे आणि त्याच दिवशी, त्याच गटात तो क्रिकेटच्या थट्टेसाठी वापरू नये.

केशरी बदामाचे तसेच आहे. आषाढीच्या वारीच्या फोटोंखाली किंवा शिवजयंतीच्या शुभेच्छांत तो सहज शोभतो. पण महानगरपालिकेची निवडणूक जाहीर झाली की सोसायटीच्या गटात भगवा, निळा, हिरवा असा कोणताही एकटा बदाम पक्षाच्या झेंड्यासारखा वाचला जातो आणि व्यवस्थापक मंडळींना ‘राजकीय संदेश टाळावेत’ असे लिहावे लागते. त्या दिवसांत अंगठ्यावर भागवलेले उत्तम.

पिवळा हा माझ्या मते सर्वांत निर्धोक रंग आहे. त्यात जवळीक आहे, पण अधिकार नाही. मित्राला, चुलत बहिणीला, जुन्या शिक्षकांना, मुलाच्या मित्राच्या आईला, कोणालाही तो पाठवता येतो. हळदीच्या फोटोंखाली तर त्याला तोड नाही. दोनच अपवाद ध्यानात ठेवावेत. वानखेडेवर मुंबईचा चेन्नईशी सामना असेल, त्या संध्याकाळी तो चेन्नईचा समजला जातो. आणि घरातील कॉलेजात जाणारी मुले स्नॅपचॅट वापरत असतील, तर त्यांच्या दृष्टीने नावापुढचा पिवळा बदाम ही पाठवलेली वस्तूच नसते. दोघे एकमेकांचे पहिल्या क्रमांकाचे मित्र झाले की ते ॲपच तो लावते, आणि हे दोन आठवडे टिकले की तो लाल होतो. मुलीच्या फोनवर मैत्रिणीच्या नावापुढे लाल बदाम पाहून चौकशी सुरू करणाऱ्या पालकांनी एवढे जाणून घ्यावे.

रंगीत बदामांचा खरा उत्सव आमच्याकडे नवरात्रात असतो. नऊ दिवसांचे नऊ रंग मुंबईच्या लोकलपासून बँकांच्या काउंटरपर्यंत साड्यांवर आणि कुडत्यांवर दिसतात, आणि पहाटेपासून प्रत्येक गटात त्या रंगाचे बदाम येऊ लागतात. हे रंग साधारणपणे वारावर ठरतात: रविवारी केशरी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा आणि शनिवारी राखाडी; उरलेल्या दोन दिवसांना जांभळा, मोरपंखी किंवा गुलाबी यांपैकी दोन रंग येतात. येथे वरील तारखा कामाला येतात. २०२२ पूर्वी राखाडी बदाम नव्हताच, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाच्या गटात शनिवारी चक्क हत्ती पाठवले जात, आणि नव्या सुनांना त्याचा उलगडा करून द्यावा लागे. साधा गुलाबीही तेव्हा नव्हता. चमचमता किंवा बाण लागलेला गुलाबी बदाम देवीच्या फोटोखाली लावावा की नाही, यावर एकदा बरीच चर्चा झाल्याचे पत्नीकडून कळले. मोरपंखी बदाम आजही नाही. त्या दिवशी हिरवा व निळा शेजारी शेजारी ठेवावेत, किंवा सरळ मोराचे इमोजी वापरावे. आकाशी बदाम बुधवारी चालवून घेऊ नये. तो रंग वेगळा आहे आणि मंडळातील जाणकार लगेच सांगतात.

काळा आणि पांढरा

काळ्या बदामाबाबत पिढ्यांमध्ये एकमत नाही. विशीतील मुलांना तो काळ्या टी-शर्टसारखा वाटतो, म्हणजे कशावरही जाणारा. मोठ्यांना तो शुभकार्याच्या संदेशात खटकतो. मात्र काळा रंग आपल्याकडे सरसकट अशुभ नाही: संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने यांच्या फोटोखाली काळा बदाम अगदी जागच्या जागी असतो. तान्ह्या बाळाच्या फोटोवर माझ्या एका वहिनी मुद्दाम एकच काळा बदाम लावतात, तीट म्हणून. ही कल्पना मला फार आवडली, पण ती समजावून सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या बाळावर वापरण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

निधनाच्या बातमीखाली काळा लावू नये. तो शोकाचा पोशाख आपला नव्हे. पांढरा लावल्यास चालतो. तरीही ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द आणि जोडलेले हात अधिक बरे, कारण तरुण मंडळी पांढरा बदाम समुद्रकिनाऱ्याच्या फोटोंनाही लावतात. आणखी एक अडचण दिसण्याची आहे. फोनवर गडद पार्श्वभूमी ठेवली असेल तर काळा बदाम तिच्यात जवळजवळ बुडून जातो, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा बदाम फिकट बाह्यरेषेपुरताच उरतो. समोरच्याच्या फोनवर कोणती पार्श्वभूमी आहे हे आपल्याला कळत नसते. म्हणून महत्त्वाचे काही या दोन रंगांवर सोपवू नये.

उरलेल्यांचे थोडक्यात सांगता येईल. जांभळा म्हटला की कॉलेजातील मुलींच्या मनात बीटीएस हा कोरियन गट येतो. त्या गटातील गायक व्ही याने २०१६ मध्ये चाहत्यांना उद्देशून जांभळ्या रंगाला प्रेम व विश्वासाचा अर्थ दिला आणि तो जगभर रूढ झाला. ८ मार्चलाही जांभळाच दिसतो. हिरवा ईदच्या शुभेच्छांत, झाडांच्या फोटोंत आणि माझ्या मावशीच्या सर्व संदेशांत असतो. तपकिरी माझ्या परिचयातील लोक केवळ चहासाठी वापरतात. तुटलेला बदाम गंभीर बातमीला कधीही लावू नये. स्टेशनबाहेरचा वडापाव संपल्याच्या बातमीला लावावा.

चूक झाल्यास

मागील वर्षी सकाळच्या गाडीत, दादर आणि माटुंग्याच्या दरम्यान, एका हाताने कडी धरून मी सोसायटीच्या गटातील संदेश वाचत होतो. तिसऱ्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे वडील रात्री गेल्याची बातमी होती. संदेश दाबून धरून मी ओळीच्या शेवटच्या जोडलेल्या हातांकडे अंगठा नेत असताना मागून कोणाची तरी बॅग लागली आणि निधनवार्तेखाली माझ्या नावाने लाल बदाम उमटला. तो दुरुस्त करण्याची रीत सोपी आहे, पण त्या क्षणी ती आठवत नाही, म्हणून सांगतो: तोच संदेश पुन्हा दाबून धरावा आणि योग्य चिन्ह निवडावे, नवे चिन्ह जुन्याची जागा घेते. प्रतिक्रिया पूर्ण काढायची असेल, तर संदेशाखालील चिन्हावर टिचकी मारावी आणि उघडणाऱ्या यादीत स्वतःच्या नावावर पुन्हा टिचकी मारावी. संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा मी स्वतःहून विषय काढला. शेजाऱ्यांनी फोन उघडून दाखवला. माझा बदाम गेला होता, तरी त्या संदेशाखाली आणखी चार लाल बदाम होते, आणि ते चुकून आलेले नव्हते. त्यांतले दोन त्यांच्या वडिलांच्या संध्याकाळच्या कट्ट्यावरील मित्रांचे होते.

टाइप करून पाठवलेल्या संदेशात चुकीचा रंग गेला असेल, तर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांच्या आत मजकूर बदलता येतो. त्यानंतर सर्वांसाठी हटवण्याचा मार्ग उरतो आणि तो दोन दिवसांहून थोडा अधिक काळ खुला असतो; पण हटवलेल्या संदेशाच्या जागी तशी नोंद राहते आणि ‘काय काढलंत?’ असे विचारणारे गटात किमान तिघे निघतात. रंगाच्या साध्या चुकीसाठी मजकूर बदलणेच चांगले. इन्स्टाग्रामवर संदेशावर दोनदा टिचकी पडली की लाल बदाम आपोआप लागतो. खिशात फोन उघडा ठेवणाऱ्यांनी तेथे विशेष जपावे.

दोन गोष्टी तांत्रिक आहेत. जुन्या फोनवर किंवा अनेक दिवस अद्ययावत न केलेल्या ॲपवर गुलाबी, आकाशी आणि राखाडी हे नवे बदाम रिकाम्या चौकटीसारखे दिसू शकतात. आजी ‘हा डबा कसला पाठवलास?’ असे विचारत असेल तर तेच कारण समजावे, तिचे व्हॉट्सॲप अद्ययावत करून द्यावे आणि तोवर तिला जुन्या रंगांतलाच पाठवावा. दुसरी गोष्ट अशी, की दृष्टिहीन वापरकर्त्यांचा फोन संदेश मोठ्याने वाचून दाखवतो आणि प्रत्येक इमोजीचे नावही उच्चारतो. आपण हौसेने प्रत्येक शब्दानंतर एक बदाम लावला, तर त्यांना ‘वाढदिवसाच्या, लाल हृदय, हार्दिक, लाल हृदय, शुभेच्छा, लाल हृदय’ असे ऐकावे लागते. त्यांच्यासाठी वाक्य आधी पूर्ण लिहावे आणि त्यानंतर एकच बदाम ठेवावा. रंगाचे नाव त्यांना ऐकू येतेच.